शू कुठे करायची, हे पिल्लाला कसं कळणार?

या अंकात पिल्लांच्या शी-शूबद्दल आलेली पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आमचं लॅब्राडॉरचं पिल्लू नऊ आठवड्यांचं आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लशी पूर्ण होईपर्यंत खाली न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मग सवय लावायची कुठे? (डोंबिवली)

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि चपलांच्या तळव्यांना चिकटून घरातही येतो, म्हणून चपला दाराबाहेरच ठेवा. लशींचा शेवटचा डोस साधारण १६व्या आठवड्याच्या आसपास होतो. पण सवय लावायला तोवर थांबू नका. पायाखाली काय असताना शू करायची, ही पिल्लाची आवड याच वयात पक्की होत जाते. आत्ता ते गुळगुळीत फरशीवर करत राहिलं, तर पुढे फरशीच शोधेल.

बाल्कनीत साधारण २ फूट बाय ३ फूट आकाराचा, २-३ इंच उंच काठाचा प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा. त्यात रोपवाटिकेतून आणलेली माती आणि वर लॉनचा तुकडा. सोसायटीच्या बागेतली माती नको, तिथे भटकी कुत्री फिरतात. पुढे खाली न्याल तेव्हा पायाला हेच गवत ओळखीचं लागेल. शी लगेच उचला, लॉन दर १०-१५ दिवसांनी बदला. ट्रेला भोक असलं तर खाली दुसरा ट्रे हवाच, नाहीतर तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून भांडण ठरलेलं.

आता वेळा. या वयाचं पिल्लू जागेपणी फार तर दोन तास धरू शकतं, खेळात असेल तर अर्धा ताससुद्धा नाही. झोपेतून उठलं की लगेच न्यायचं, तेही उचलून, कारण चालवत नेलंत तर वाटेतच उरकेल. जेवणानंतर ५ ते ३० मिनिटांत, खेळ थांबला की, आणि रात्री झोपवण्याआधी न्यायचं. शिवाय काही आठवडे रात्री दोन-तीनच्या सुमाराला गजर लावून एकदा. खेळता खेळता मध्येच थांबून जमीन हुंगू लागलं, गोल फिरलं किंवा दाराआड निघालं, की उचला.

ट्रेपाशी पट्टा बांधून न्या आणि पाच मिनिटं गप्प उभे राहा. शू सुरू झाली की हळू आवाजात एकच शब्द म्हणा, घरातल्या सगळ्यांनी तोच. संपली की तिथल्या तिथे, दोन सेकंदांत, उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा द्या. आत येऊन दिलात, तर ते बक्षीस आत येण्याचं झालं. लगेच आत आणू नका, बरीच पिल्लं अर्धी शू करून थांबतात आणि दोन मिनिटांनी उरलेली करतात. काहीच केलं नाही, तर आत आणून पट्टा स्वतःच्या कमरेला बांधा आणि दहा मिनिटांनी पुन्हा न्या. “बाहेर काही केलं नाही आणि आत आल्याबरोबर केलं” ही तक्रार या दहा मिनिटांतली आहे. त्यात पिल्लाचा हट्ट वगैरे काही नसतो.

जेवण दिवसातून तीन-चार वेळा, ठरलेल्या वेळी, आणि १५ मिनिटांनी वाटी उचला. आत जायच्या वेळा पक्क्या झाल्या की बाहेर यायच्याही होतात. दूध-पोळी, दूध-भात बंद करा. पुष्कळ पिल्लांना गाईम्हशीचं दूध पचत नाही आणि पातळ शी कुणालाच रोखता येत नाही. पाणी मात्र दिवसभर हवं, फक्त झोपण्याच्या तासभर आधी भांडं उचलायचं. उकाड्यात तेही उचलू नका.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरीला, घर नऊ ते सहा बंद. अडीच महिन्यांचं पिल्लू पिंजऱ्यात ठेवतो, तर ते पिंजऱ्यातच घाण करून त्यात लोळतं. (पुणे)

उत्तर : नऊ तास धरून ठेवणं या वयात त्याच्या शरीराला शक्यच नाही. ढोबळ हिशोब असा, की जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास, आणि तीही वरची मर्यादा. दुपारी बाराला आणि तीनला कुणीतरी येऊन बाहेर काढेल, अशी सोय करा. शेजारच्या आजी, कामाच्या मावशी, कुणीही चालेल. ते जमेपर्यंत पिंजरा बंद ठेवू नका. स्वयंपाकघराचा कोपरा जाळीने अडवा, एका टोकाला अंथरूण आणि पाणी, दुसऱ्या टोकाला ट्रे. बंद पिंजरा फक्त तासाभरासाठी. तो उभं राहता, वळता आणि आडवं होता येईल एवढाच हवा, मोठा असला तर पिल्लू एका कोपऱ्याचं संडास करतं.

पिल्लू दुकानातून आणलं असेल, तर ते तिथे पिंजऱ्यातच शी-शू करत वाढलेलं असू शकतं. झोपायची जागा स्वच्छ ठेवण्याची मूळची ओढच अशा पिल्लात बोथट होते. अशा वेळी दुप्पट वेळ धरा.

प्रश्न : सासरे म्हणतात, शूमध्ये नाक घासलं की कुत्रं शिकतं. दोनदा तसं केलं. आता ते सोफ्यामागे जाऊन करतं. जागा रोज फिनेलने पुसते, तरी तिथेच करतं. (कोल्हापूर)

उत्तर : ते शिकलं, पण भलतंच : माणसांसमोर शू करणं धोक्याचं. म्हणून सोफ्यामागे. हेच पिल्लू आता पट्ट्याला बांधून बाहेर नेलं, तर तुमच्यादेखत करायला घाबरेल. मागाहून केलेली शिक्षा ते दहा मिनिटांपूर्वीच्या शूशी जोडू शकत नाही. करताना दिसलं, तर टाळी वाजवून थांबवा आणि उचलून ट्रेकडे न्या. नंतर दिसलं, तर मुकाट्याने पुसा. सासऱ्यांच्या हाती चिकनच्या तुकड्यांचा डबा द्या, त्यांना काम मिळेल.

फिनेलचा वास शूचा वास फक्त झाकतो, तोही तुमच्या नाकापुरता. आधी फडक्याने टिपून घ्या. मग एन्झाइमयुक्त (शूचा वास मुळातूनच मोडणारा) क्लीनर भरपूर ओतून १०-१५ मिनिटं राहू द्या, फरशीच्या सांध्यांत मुरू द्या. त्याआधी फिनेल लावलं, तर एन्झाइम निकामी होतात. क्लीनर नसेल, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, पण फक्त सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल्सवर. शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर आम्लाने कायमचे डाग पडतात. ब्लीच शूवर थेट ओतू नका, दोन्ही मिळून घशाला झोंबणारा विषारी वायू होतो.

प्रश्न : वर्तमानपत्रावर करायला शिकवलं. आता ते पायपुसण्यावर करतं आणि सकाळचा पेपर वाचायच्या आधी भिजतो. (नाशिक)

उत्तर : पिल्लाने ‘जमिनीवर अंथरलेलं काहीतरी’ असा अर्थ काढला आहे. पायपुसणी आणि सतरंज्या महिनाभर उचलून ठेवा, पेपर टेबलावर. शूची रद्दी दाराच्या दिशेने रोज वीतभर सरकवा. एकदम खोलीबाहेर नेलीत, तर पिल्लू जुन्या जागीच करेल. दाराबाहेर पोचली की ती गवतावर ठेवा आणि दर दोन दिवसांनी लहान फाडत जा. शेवटी तळहाताएवढा कपटा उरला, की तोही काढा.

प्रश्न : पाच महिन्यांचं गावठी पिल्लू. सवय उत्तम होती, पण पाऊस लागल्यापासून अंगणात पाऊलच टाकत नाही. (चिपळूण)

उत्तर : पडवीत पत्र्याखाली मातीचा कोरडा तुकडा राखून ठेवा. तेवढं बहुधा पुरतं. तिथे त्याचीच शू टिपलेलं फडकं एकदा ठेवा, वासाने जागा कळेल. साचलेल्या पाण्यात मात्र नेऊ नका, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) होतो, आणि तो माणसांनाही होतो. लेप्टोची लस झाली का, तेही डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : चार महिन्यांची मादी. पाहुणे आले, की त्यांच्या पायाशीच शू करते. शिवाय आठवडाभर दिवसातून पंधरा वेळा थेंब-थेंब. (नागपूर)

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्यांपुढे अंग चोरून केलेली शू म्हणजे “मी लहान आहे, मला काही करू नका” असं सांगणं. ओरडलात तर वाढते. पाहुण्यांनी तिच्याकडे बघू नये, वाकून डोक्यावर थोपटू नये, बाजूला वळून बसावं आणि तिला आपणहून येऊ द्यावं. बहुतेक पिल्लांत हे वाढत्या वयात जातं.

थेंब-थेंब मात्र सवयीचा प्रश्न नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, आणि तो माद्यांमध्ये जास्त होतो. सकाळची पहिली शू स्वच्छ, कोरड्या डबीत धरून दोन तासांच्या आत डॉक्टरांकडे पोचवा. उथळ वाटी मागून सरकवली की धरता येते. शूला लाल झाक असेल, ती कुंथत असेल किंवा खाणं सोडलं असेल, तर नमुन्यासाठी थांबू नका, त्याच दिवशी तिला घेऊन जा.