खात्री नव्हे, भरवसा

पदवीच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: 'कॉन्फिडन्स इंटरव्हल'ला (नमुन्यावरून अंदाज बांधताना काढलेल्या दोन हद्दी आणि त्यांमधली जागा) आमच्या नोट्समध्ये 'आत्मविश्वास मध्यांतर' म्हटलंय, एका पुस्तकात 'विश्वासांतराल' आहे. यातलं बरोबर कुठलं? की सरळ '९५ टक्के खात्रीच्या मर्यादा' असं लिहावं? आणि 'सॅम्पलिंग डिस्ट्रिब्यूशन' म्हणजे 'नमुना वितरण' का?

'आत्मविश्वास मध्यांतर' आधी खोडून टाका. आत्मविश्वास माणसाला असतो, तोही स्वतःबद्दल. मध्यांतर म्हटलं की नाटकाच्या दोन अंकांमधला चहा-वडा आठवतो. 'अंतराल' मात्र चांगला शब्द आहे. जुन्या देवळात सभामंडप आणि गाभारा यांच्या मधल्या जागेला अंतराळ म्हणतात, तो याच घरातला. दोन हद्दींमधली जागा, एवढंच आपल्याला सांगायचं आहे. तेव्हा लिहिताना विश्वासांतराल खुशाल वापरा. बोलताना, शिकवताना मी 'भरवशाचा पट्टा' म्हणते.

'खात्री' का नको, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच होतो. खात्री एका ठरावीक गोष्टीची असते. 'किल्ली कपाटातच आहे, माझी खात्री आहे.' भरवसा असतो तो एखाद्याच्या वागण्याच्या रीतीवर. 'या घड्याळाचा भरवसा नाही' असं आपण म्हणतो तेव्हा आत्ताची वेळ चुकीची आहे असा दावा नसतो. हे घड्याळ वरचेवर चुकतं, असं म्हणायचं असतं. आत्ता ते अगदी बरोबर वेळ दाखवत असेलही.

ही कल्पना मांडणाऱ्या येर्झी नेमन यांना नेमकं हेच अभिप्रेत होतं. ते पोलिश संख्याशास्त्रज्ञ. १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी ही कल्पना ठेवली आणि १९३७ च्या निबंधात ती पूर्ण उभी केली. त्यांच्या मातृभाषेत हिला 'प्शेजाउ उफ्नोश्ची' म्हणतात. यातल्या उफ्नोश्चचं क्रियापद म्हणजे भरवसा ठेवणे. खात्रीसाठी पोलिशमध्ये 'पेव्नोश्च' हा वेगळा शब्द आहे, आणि तो इथे वापरत नाहीत. १९३४ च्या त्या चर्चेत आर्थर बौली यांनी शंका काढली होती की हा 'कॉन्फिडन्स' म्हणजे 'कॉन्फिडन्स ट्रिक', विश्वास संपादून केलेली फसवणूक, तर नव्हे ना? शंका रास्त होती. भरवसा कशावर ठेवायचा हे स्पष्ट नसेल तर माणूस फसतोच.

एक हिशेब करून पाहू. समजा, बागेतल्या हजारो हापूस आंब्यांतून ६४ आंबे चिठ्ठ्या टाकून उचलले. त्यांचं सरासरी वजन २५० ग्रॅम आणि प्रमाण विचलन, म्हणजे वजनं सरासरीभोवती किती विखुरली आहेत याचं माप, ४० ग्रॅम निघालं. ६४ चं वर्गमूळ ८, म्हणून ४० ला ८ ने भागलं, की प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्यागणिक सरासरी किती हलेल याचं माप, ५ ग्रॅम. ९५ टक्क्यांसाठी तिची १.९६ पट घेतात, ती ९.८. तेवढं सरासरीतून वजा केलं आणि तेवढंच तिच्यात मिळवलं. झाला पट्टा: २४०.२ ते २५९.८ ग्रॅम.

आता उत्तरपत्रिकेत हमखास येणारं वाक्य: 'बागेची खरी सरासरी या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.' हे चूक. बागेची सरासरी जागची हलत नाही. ती या पट्ट्यात आहे किंवा नाही, मधलं काही नाही. हलतो तो पट्टा. उद्या दुसऱ्या कुणी ६४ आंबे उचलले, सरासरी २४६ आली आणि विचलन तेवढंच राहिलं, तर पट्टा २३६.२ ते २५५.८ होईल. असे पट्टे पुन्हा पुन्हा काढत गेलं तर शंभरातले साधारण ९५ खऱ्या सरासरीला गाठतात, पाचेक हुकतात. ९५ हा आकडा पट्टा काढण्याच्या रीतीचा आहे, हातातल्या एका पट्ट्याचा नव्हे. वाक्यातही कर्ता 'पट्टा' ठेवा, 'सरासरी' नको: 'या रीतीने काढलेले ९५ टक्के पट्टे खऱ्या सरासरीला गाठतात.'

मराठीत यासाठी एक म्हण आयती आहे: भरवशाच्या म्हशीला टोणगा. म्हैस भरवशाची होती हे खोटं ठरत नाही, आणि यावेळी टोणगा झाला हेही खरंच. आपला पट्टा त्या हुकलेल्या पाचांतला आहे का, हे पट्ट्याकडे बघून कळत नाही. 'खात्री' म्हटलं की या टोणग्याला जागाच उरत नाही. मी 'भरवसा' शब्दाचा आग्रह धरते तो म्हणूनच.

नेमन लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात असताना त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. पुढे भारतात पीक कापणीच्या नमुना पाहणीचं मोठं काम त्यांनी केलं. मोजणीसाठी फार लहान तुकडा घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी दाखवून दिलं. अशी एकाच बाजूला झुकणारी चूक भरवशाच्या पट्ट्यात धरलेलीच नसते. पट्टा फक्त नशिबाने होणाऱ्या चढउताराचा हिशेब ठेवतो.

राहिलं 'नमुना वितरण'. ऐकताना वाटतं, कुणी साबणाच्या वड्या फुकट वाटतंय. तो अर्थ बाजूला ठेवला तरी दुसरा घोटाळा उरतो: नमुन्यातल्या ६४ आंब्यांची वजनं कशी विखुरली आहेत, असाही अर्थ निघतो. त्या विखुरण्याचं माप ४० ग्रॅम होतं. आपल्याला हवं आहे ते वेगळंच: असे अनेक नमुने घेतले तर त्यांच्या सरासऱ्या कशा विखुरतील? ते माप ५ ग्रॅम. म्हणून कशाचं वितरण हे नावातच सांगा: 'नमुना-सरासरीचं वितरण', 'नमुना-प्रमाणाचं वितरण' (इथे प्रमाण म्हणजे शेकडा किती, ते).

हे वितरण एकाने हाताने मांडून पाहिलं होतं. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातले विल्यम गॉसेट 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहीत. १९०८ च्या निबंधासाठी त्यांनी ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून घेतली, तुकडे नीट मिसळले आणि चार-चारचे ७५० नमुने केले. चौकडीगणिक सरासरी बदलत गेली. त्या ७५० सरासऱ्या एका कागदावर मांडल्या, की समोर दिसतं ते नमुना-सरासरीचं वितरण.