बाईंना विचारा : निकालापासून जूनपर्यंतचा वर्ग

निकाल लागले, पोरं मामाच्या गावाला गेली आणि आमच्याकडं पत्रं आली ती बहुतेक शिक्षकांचीच. त्यातली तीन घेतलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीये, कारण ते वाचल्यावर मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली आणि ती सांगितल्याशिवाय राहवेना.

प्रश्न : बाई, मी जत तालुक्यात एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, नोकरीचं तिसरं वर्ष. माझ्याकडं पहिली आणि तिसरी, सरांकडं दुसरी आणि चौथी. १ मेला निकाल वाटला तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय की जूनमध्ये वर्ग एकदम नवा दिसला पाहिजे. ग्रुपवर बाकीच्यांच्या वर्गांचे फोटो येतात, सगळ्या भिंती रंगवलेल्या, आणि माझ्या भिंतीवर पत्रा गळून डाग पडलेत. पगारातले आठ-दहा हजार घालून पेंटर लावावा म्हणते. शिवाय माझी सगळी पोरं आता सरांच्या वर्गात जाणार, त्याचं वाईट वाटतंय. त्यांच्यासाठी जाता जाता काय करू?
— एक शिक्षिका, जत

उत्तर : बाळ, तू माझ्या लेकीच्या वयाची असशील म्हणून तू म्हणते, राग मानू नको.

आधी पत्रा. रंगाच्या आधी पत्रा, कारण गळक्या भिंतीवर काढलेलं झाड पहिल्याच पावसात फुगतं आणि पोपडे निघतात, आणि तुझे दहा हजार पाण्यात. पत्र्याचा खर्च तू खिशातून करायचा नाही. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान असतं, पट म्हणजे पोरांची संख्या ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार, त्याच्या वर १०० पर्यंत २५ हजार. ते वेळेवर हातात पडतंच असं नाही, मला माहितीये, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग मे महिन्यातच लाव, ठराव लिहून घे, आणि तो ठराव घेऊन सरपंचांकडं तू एकटी जाऊ नको, दोन आया बरोबर ने. आई बोलली की काम लवकर हलतं हे मी तीस वर्षं बघितलंय.

आता भिंती. बोलक्या भिंतींच्या मी विरोधात नाही. पण साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळांचं नाव झालं ना, ज्ञानरचनावादाचं, म्हणजे पोरानं स्वतः करून शिकायचं त्या पद्धतीचं, तेव्हा राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते बघायला यायचे, आणि परत जाऊन काय करायचे तर फरशीवर तसेच गोल आणि चौकोन रंगवून घ्यायचे. तिथली खरी गोष्ट फरशीवर नव्हतीच गं, पोरं गटात बसून स्वतःच्या हातानं गोटे, काड्या, मणी मोजत होती ती होती. रंग उचलून आणता येतो, ते काम उचलून आणता येत नाही, ते रोज करावं लागतं.

अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ साली एक प्रयोग छापला होता. बालवाडीच्या वयाची २४ पोरं, तेच धडे, कधी तक्त्यांनी भरलेल्या वर्गात शिकवले तर कधी जवळजवळ मोकळ्या भिंतींच्या. भरलेल्या वर्गात पोरांचं लक्ष साधारण ३९ टक्के वेळ दुसरीकडं होतं आणि मोकळ्या वर्गात २८ टक्के, आणि नंतर प्रश्न विचारले तर बरोबर उत्तरं भरलेल्या वर्गात ४२ टक्के आणि मोकळ्या वर्गात ५५ टक्के. पोरं थोडी होती म्हणून ह्याला वेदवाक्य मानू नको, पण तुझ्या पहिलीच्या वर्गाला लागू पडतं असं मला वाटतं, कारण पहिलीचं पोर आधीच नव्या जागेत आलेलं असतं, त्याला समोर बाई आणि फळा एवढंच पुष्कळ होतं. म्हणून माझं ऐकशील तर खोलीला साधा पांढरा चुना मार, फळ्याला काळा रंग नीट दोन हात दे (फळा चकाकायला लागला की मागच्या पोरांना दिसत नाही, आणि आपण म्हणतो लक्ष नाही), आणि फळ्याच्या शेजारची एक भिंत मुद्दाम रिकामी ठेव. त्या भिंतीवर जूनपासून पोरांनी केलेलंच लागेल. माझ्या वर्गात त्या भिंतीवर सुतळी ताणलेली असायची आणि कपडे वाळत घालायचे चिमटे, बस्स.

कपाटाचं बघ मात्र. सुट्टीत उंदीर वाचनकार्डांचे कोपरे खातो, मणीमाळेचा दोरा कुरतडतो आणि जूनला कपाट उघडलं की सगळे मणी घरंगळत फरशीवर येतात, दशकाचे दांडे वेगळे आणि सुटे वेगळे निवडण्यात पहिला दिवस जातो. पुठ्ठ्याचे खोके वापरूच नको. पत्र्याची पेटी घे, आत वाळलेला कडुलिंबाचा पाला घाल, आणि पेटी जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेव.

आता तुझा दुसरा प्रश्न, तोच खरा. वाईट वाटतंय म्हणतेस, त्यांच्यासाठी काय करू म्हणतेस. एक कर. प्रत्येक पोराचं एक पान लिही आणि सरांच्या हातात दे.

नोंदवही आहेच की असं म्हणशील. आकारिक (वर्षभर चालणारं मूल्यमापन), संकलित (सत्राच्या शेवटची परीक्षा), वर्णनात्मक नोंदी, श्रेण्या, सगळं असतं, मीही वर्षानुवर्षं भरलंय. पण त्यात आपण काय लिहितो, 'उपक्रमात आनंदाने सहभागी होतो', 'वाचनात प्रगती आहे', आणि तेच वाक्य बारा पोरांना. त्यातून पुढच्या शिक्षकाला काहीच कळत नाही.

मी माण तालुक्यात होते तेव्हाची गोष्ट. माझ्याकडं तिसरी नव्यानं आली होती. त्यात एक मुलगा, प्रश्न विचारला की बघत राहायचा, कधी उत्तर द्यायचा, कधी भलतंच बोलायचा. मी ठरवून टाकलं की हा हट्टी आहे. भिंतीकडच्या रांगेत शेवटी बसवला, जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. एक दिवस दहिवडीच्या एसटी स्टँडवर त्याच्या आधीच्या बाई भेटल्या, त्यांची बदली झालेली, आणि सहज म्हणाल्या, काय म्हणतोय आमचा तो, उजव्या कानानं ऐकतो बघा, डावीकडं बसवा म्हणजे तुमच्याकडं चांगला कान राहील. मी तिथंच खाली बसले. तीन महिने मी त्या लेकराचा ऐकणारा कान भिंतीला लावून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी जागा बदलली, चार दिवसांत पोरगं हात वर करायला लागलं. त्या बाईंना ते ठाऊक होतं, मला हवं होतं, आणि मधे फक्त एक मे महिना होता.

म्हणून पान लिही. त्यात कौतुक नको, तक्रार नको. वाचन कुठवर आलंय, अक्षर, शब्द, वाक्य की सलग परिच्छेद. वजाबाकीत हातच्यापाशी अडतो का, की त्याच्याही आधी दशक-सुट्टेच पक्के नाहीत. डोळे, कान. घरात काय बोलतात, तुमच्या जतला हे फार महत्त्वाचं, पूर्वेकडच्या गावांत घरात कन्नड आणि शाळेत मराठी अशी कितीतरी पोरं असतात, ते पोर गप्प आहे म्हणजे त्याला येत नाही असं नसतं, ते डोक्यात आधी कन्नडमध्ये उत्तर जुळवतंय. कुणाचे आईबाप ऊसतोडीला गेले होते आणि पोर दिवाळीनंतर थेट मार्चमध्ये दिसलं, म्हणजे मधला कुठला भाग त्यानं बघितलाच नाहीये, ते महिन्यासकट लिही. आणि काय केलं की ते खुलतं, हे एक वाक्य तरी हवंच. घरातली भांडणं, दारू, पैसा ह्यातलं काही लिहू नको, कागद कुणाच्याही हातात पडतो, ते फारच गरजेचं असेल तर सरांना तोंडी सांग.

तुझी पहिली दुसरीत आणि तिसरी चौथीत, म्हणजे तुझी सगळीच पोरं सरांकडं चाललीत आणि सरांची दुसरी तुझ्याकडं येतीये. तेव्हा सरांकडूनही तशीच पानं मागून घे, ते कंटाळा करतील तर समोर बसून विचार आणि तू लिही, दोन तासांचं काम आहे. चौथीची जी पोरं पाचवीला दुसऱ्या गावात चाललीत त्यांची पानं त्या शाळेत स्वतः नेऊन दे. आणि नव्या पहिलीसाठी अंगणवाडीच्या ताईंशी बोल, त्या गावातल्याच असतात, त्यांना पोराचं जन्मापासूनचं माहीत असतं, आणि आपण त्यांना कधी विचारत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

पेंटरचे पैसे वाचले तर त्यातून पेटी घे.

प्रश्न : आम्ही सातारा शहरात राहतो. मुलगी तिसरीतून चौथीत गेली. मार्चमध्ये पाढे घडाघडा म्हणत होती, आता मेच्या शेवटी सातचा पाढा मधेच अडतोय. मिस्टर म्हणतात समर क्लास लावू, सासूबाई म्हणतात सुट्टीत खेळू द्या. काय करावं?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, सुट्टीत विसरणं होतंच, आणि वाचनापेक्षा गणित जास्त विसरतं. अमेरिकेत हॅरिस कूपर म्हणून एकांनी १९९६ साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तर त्यांच्या लांबलचक उन्हाळी सुट्टीत पोरं सरासरी महिनाभराच्या शिकण्याइतकी मागं जातात असं निघालं. आपली सुट्टी त्यांच्यापेक्षा लहान. आणि गेलेलं शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात बरंचसं परत येतं, फक्त शिक्षकांनी पहिल्याच दिवशी नवा धडा उघडला नाही पाहिजे.

क्लास लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तिला मंडईत न्या. आंबे डझनावर घेताना तीन डझन म्हणजे किती, त्यातले चार खराब निघाले तर राहिले किती, हे तिला सांगू द्या, आणि पैसे तिच्या हातानं द्या, सुटे तिलाच मोजून घेऊ द्या. सातचा पाढा अडतोय तर कॅलेंडरवर चार आठवडे मोजायला लावा, सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस, तिथं तो बसतो. सासूबाई त्रेसष्ट म्हणतात आणि मुलगी साठ तीन म्हणत असेल तर भांडू नका, दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली तशीही रीत आली होती, दोन्ही येऊ देत. आणि दिवसाला एक पान मोठ्यानं वाचून घ्या, आजीला वाचून दाखवायचं म्हणजे आजीचंही म्हणणं राहिलं.

प्रश्न : मी शिराळा तालुक्यातल्या शाळेत सात वर्षं होतो. सुट्टीतच ऑनलाइन बदलीची ऑर्डर आली, जूनला नव्या शाळेत हजर व्हायचंय. पोरांना माहीतच नाही. शाळा उघडल्यावर ती मला शोधतील ह्या विचारानं झोप लागत नाही. शेजारी म्हणतात तुम्हाला काय, दोन महिने सुट्टी.
— एक गुरुजी, सांगली जिल्हा

उत्तर : गुरुजी, शेजाऱ्यांचं सोडून द्या. रविवार सोडले तर वर्षभरातल्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ दिवसांच्या वर जात नाहीत, त्यातच दिवाळी, गणपती आणि उन्हाळा आला, आणि निवडणूक किंवा जनगणना लागली की त्यातलेही जातात. त्यांना एकदा सांगून बघा, नाही ऐकलं तर नका सांगू.

पोरांचं मात्र करा. ऑर्डर हातात आहे आणि शाळा उघडायला वेळ आहे, तर एका संध्याकाळी गावात जा. दारोदार नका फिरू, देवळाच्या पारावर बसा, एक पोर दिसलं की पंधरा मिनिटांत सगळी येतात. स्वतः सांगा की मी चाललोय, कुठल्या शाळेत चाललोय ते गावाचं नाव सांगा, आणि तुमच्यामुळं चाललो नाही हे शब्दांत सांगा, कारण लहान पोरांना खरंच असं वाटतं की आपण दंगा केला म्हणून सर गेले. माझी पहिली बदली झाली तेव्हा मी हे केलं नव्हतं. पुढं दोन वर्षांनी त्या गावच्या जत्रेत एक मुलगी भेटली, तेव्हा सहावीत होती, तिनं पहिलं हेच विचारलं, बाई आमचं काय चुकलं होतं.

रडली पोरं तर रडू द्या, तुम्हीही रडलात तर काही बिघडत नाही. परत येईन असं वचन देऊ नका, पाळता येत नाही.

आणि नव्या शिक्षकांचा नंबर केंद्रप्रमुखांकडून घ्या. चार्ज देताना जनरल रजिस्टर, पोषण आहाराचा साठा, कपाटाची किल्ली ह्या सगळ्याची यादी होते, सह्या होतात, त्यात पोरांची यादी अशी होत नाही. जतच्या बाईंना वर पानांचं लिहिलंय, ते तुम्हीही वाचा. सात वर्षं होतात म्हणजे तुमच्याकडं पानांपेक्षा जास्त आहे, तेव्हा नव्या गुरुजींना एकदा चहाला बोलवा आणि एकेका पोराचं नाव घेऊन बोला, अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.