तळीराम खलनायक आहे का?

गिरगावातल्या एका वाचकाने विचारलं आहे: ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीनंतर मुंबईच्या बातम्यांत ‘तळीरामांवर कारवाई’ हा मथळा ठरलेला. पण तळीराम म्हणजे राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाचा खलनायक ना? मग त्याचं नाव इतक्या गमतीने कसं घेतात? आणि मुळात खल असेल, तर त्याला ‘नायक’ कशाला म्हणायचं?

आधी शेवटचं. समास कर्मधारय धरला, तर खलनायक म्हणजे खल असा नायक. या काटेकोर अर्थाने शेक्सपिअरचा मॅकबेथ खलनायक ठरेल. नाटक त्याचं आणि पापही त्याचंच. आपल्याकडे अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे याच अर्थाने शंभर नंबरी खलनायक. रूढ अर्थ मात्र ‘नायकाच्या वाईटावर असलेला’ असा झाला आहे आणि तो आता बदलायचा नाही. त्यासाठी जुना शब्द आहे प्रतिनायक. दहाव्या शतकातलं ‘दशरूपक’ त्याची लक्षणं देतं: लोभी, उद्धट, पापी, व्यसनी. (यादीत ‘व्यसनी’ आहे म्हणून लगेच तळीरामाला आत घेऊ नका.) मराठी नाट्यसमीक्षेत ‘खलपुरुष’ही चालतो. मला तो जास्त पटतो, कारण नायकपदाचा घोळच उरत नाही.

आता तळीराम. खलपुरुषाची माझी कसोटी एकच: दुसऱ्याचं वाटोळं हाच त्याचा हेतू आहे का? शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात नायक ऑथेल्लोच्या कानात बायकोबद्दल संशय ओतणारा इयागो या कसोटीवर पुरा उतरतो. बढती आपल्याऐवजी कॅशियोला मिळाली हा राग, स्वतःच्या बायकोबद्दलचा संशय अशी कारणं तो सांगत जातो आणि एकही पुरेसं वाटत नाही. देवलांनी ‘झुंजारराव’मध्ये हेच नाटक मराठी वेशात आणलं. कारस्थान कळूनही प्रेक्षकाला काही करता येत नाही, ही त्यातली खरी यातना.

तळीरामाकडे असलं कारस्थानी डोकं नाही. नाटकाचा नायक सुधाकर, त्याची वकिलीची सनद काही काळासाठी जाते, अपमान सहन होत नाही, आणि दुःख विसरायला तळीराम पहिला प्याला पुढे करतो. तो सज्जन नाही. स्वतःची बायको गीता हिच्या संसाराची त्याने माती केलीच आहे. पण जो प्याला तो देतो तोच स्वतःही पितो, आणि त्यातच मरतो. इयागो ऑथेल्लोबरोबर संशयाने जळत नाही, तो बाहेर उभा राहून बघतो. माझ्या मते हा फरक निर्णायक आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात दुष्टपणा कुणा एका माणसात बसवलेलाच नाही. तो अर्धा प्याल्यात आहे आणि अर्धा सुधाकराच्या मानी, तापट स्वभावात. म्हणून सुधाकराची बायको सिंधू हिच्या वाट्याला जे येतं त्याचा हिशोब तळीरामाच्या नावावर टाकून मोकळं होता येत नाही. बुद्धिमान, सुशील नवऱ्याच्याच हातून ते घडतं.

गडकऱ्यांना खलपुरुष रंगवता येत नव्हते असं नाही. ‘पुण्यप्रभाव’मधला वृंदावन बघा. पण वसुंधरेच्या तेजापुढे त्याचं मन पालटतं. पसायदानात मागितलंय ते हेच: ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. खळ नष्ट होवो असं नाही, त्याचा वाकडेपणा जावो. शोकांतिकेत नेमकं हेच होत नाही, निदान वेळेवर होत नाही. इयागो तर पकडला गेल्यावर यापुढे एक शब्दही बोलणार नाही म्हणतो.

तळीरामाचं नाव गमतीने का घेतात, याचं उत्तर नाटकातच आहे. त्याचं ते ‘आर्य मदिरा मंडळ’ आणि तिथली दारूची शास्त्रशुद्ध वकिली यांनी प्रेक्षक खदखदून हसतो. लोकांनी त्याचा मृत्यू विसरून हसू तेवढं उचललं आणि विशेषनामाचं सामान्यनाम केलं. आता ‘तळीरामांना’, ‘तळीरामांची’ असं सर्रास चालवतात, त्यात व्याकरणाचीही अडचण नाही. फक्त जिथे दारूच्या नशेत गाडी कुणाच्या अंगावर घातलेली असते, त्या बातमीत हा शब्द मला नको वाटतो. तिथे सरळ ‘मद्यधुंद चालक’ लिहावं.