कॅसेटवरून डिस्कवर : हार्ड डिस्क असलेल्या डीव्हीडी रेकॉर्डरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरात लग्न-मुंजीच्या वीसेक व्हीएचएस कॅसेट आहेत, व्हीसीआर अजून चालतो. जुन्या वस्तूंच्या दुकानात १६० जीबी हार्ड डिस्कचा डीव्हीडी रेकॉर्डर दिसला. घ्यावा का? घेताना काय बघावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : घ्या, पण दुकानातच पूर्ण काम करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लाइट लागली, मेन्यू दिसला, एवढ्यावर यंत्र चांगलं ठरत नाही. यात बहुधा सगळ्यात आधी दमते ती डिस्क लिहिणारी लेझर. हार्ड डिस्क ठणठणीत पण लेझर गेलेली, असे रेकॉर्डर जुन्या बाजारात बरेच असतात आणि त्यात साठवलेलं बाहेर काढताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून व्हीसीआर, एक कॅसेट आणि एक कोरी डीव्हीडी-आर सोबत न्या. लाल-पांढरी-पिवळी वायर लावून हार्ड डिस्कवर दहा मिनिटं रेकॉर्ड करा, ते डिस्कवर उतरवा, फायनलाइज करा (म्हणजे दुसऱ्या प्लेअरवरही चालेल अशी पक्की करा) आणि ती डिस्क दुसऱ्या प्लेअरवर शेवटपर्यंत चालवा. मधे अडखळली तर यंत्र तिथंच सोडा.

मूळ रिमोट हवाच. कट करणं, मोड म्हणजे रेकॉर्डिंगचा दर्जा बदलणं, फायनलाइज करणं ही सगळी कामं रिमोटवर चालतात. पुढच्या पट्टीवर चार-पाच बटणंच असतात. मागच्या बाजूला २३० व्होल्ट लिहिलंय का, तेही वाचा. अमेरिकेतून किंवा जपानमधून आलेलं यंत्र कमी व्होल्टचं आणि तिकडच्या एनटीएससी या चित्रपद्धतीचं असू शकतं, आपल्या कॅसेट मात्र पाल या पद्धतीच्या. ट्यूनर (टीव्हीचे चॅनेल पकडणारा भाग) चालतो की नाही याकडे लक्ष देऊ नका. केबल डिजिटल झाल्यापासून त्याचा उपयोग उरलेला नाही, कॅसेटसाठी तर तो लागतच नाही.

१६० जीबीवर एसपी मोडमध्ये (एका डीव्हीडीवर दोन तास बसतील असा दर्जा) सुमारे ६८ तास बसतात. तीन-तीन तासांच्या वीस कॅसेट म्हणजे ६० तास, हिशेब जुळतो. तरी सगळ्या कॅसेट आत भरून मग सावकाश डिस्क काढू, असं करू नका. हार्ड डिस्क म्हणजे कामाचा ओटा आहे, कोठीची खोली नव्हे. एक कॅसेट घ्या, नको ते कापा, दोन डिस्क काढून तपासा, मगच पुढची लावा.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक आणि दारूकाम अशी तीन तासांची घरची कॅसेट आहे. एकाच डिस्कवर बसावी म्हणून एलपी मोडमध्ये घेतली. माणसं बोलतात तो भाग बरा आहे, पण गर्दीत आणि दारूकामात सगळे चौकोन दिसतात. रेकॉर्डर बिघडलाय का?
– एक वाचक, बाळीवेस

उत्तर : रेकॉर्डर चांगला आहे, मोड चुकला. हे यंत्र एमपेग-२ पद्धतीनं चित्र दाबून साठवतं. आधीच्या चित्रापेक्षा पुढच्यात काय बदललं, मुख्यतः तेवढंच ते लिहितं. माणूस खुर्चीत बसून बोलत असेल तर बदल थोडा, मग कमी जागेतही भागतं. मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंदीतली शेकडो माणसं एकदम हलतात, काठ्या डोलतात, आणि दारूकामात तर काळ्या आभाळात क्षणाक्षणाला हजार ठिणग्या नव्यानं उमटतात. एवढा बदल लिहायला जागा पुरत नाही आणि चित्राचे चौकोन पडतात. त्यात जुन्या कॅसेटवरची मुंगीही यंत्राला हालचालच वाटते. तिच्यावरही जागा खर्च होते.

४.७ जीबीच्या एका डिस्कवर एक्सपीत एक तास बसतो, एसपीत दोन, एलपीत चार. ईपीत सहा किंवा आठ तास बसतात, पण घरच्या आठवणींसाठी तो मोड वापरूच नका. एसपीत चित्र ७२० टिंब रुंद असतं. एलपीत बहुतेक यंत्रं ते ३५२ वर आणतात, म्हणजे रुंदी निम्मी होते.

तुमच्या कॅसेटसाठी मिरवणूक एसपीत आणि दारूकाम एक्सपीत, असे दोन वेगळे भाग घ्या. डिस्क दोन लागतील, कदाचित तीन. लागू द्या. आणि हे रेकॉर्डिंग पुन्हा कॅसेटवरूनच करा. हार्ड डिस्कवरचं एलपी एक्सपीत उतरवून गेलेला तपशील परत येत नाही, नुसती जागा वाढते.

डिस्कवर उतरवताना वेगवान डबिंगच निवडा (इथं डबिंग म्हणजे हार्ड डिस्कवरून डिस्कवर नक्कल). त्यात हार्ड डिस्कवरचं जसंच्या तसं काही मिनिटांत उतरतं. मोड बदलून डबिंग केलं तर चित्र उलगडून पुन्हा दाबलं जातं, दर्जा एक पायरी उतरतो आणि दोन तासांच्या कामाला दोन तासच लागतात. काही यंत्रांत वेगवान डबिंगची सोय रेकॉर्डिंगच्या आधीच सेटिंगमध्ये चालू करावी लागते. तो पर्याय दिसत नसेल तर तिथं बघा. या डबिंगमध्ये कट अर्ध्या सेकंदानं इकडेतिकडे सरकू शकतो, म्हणून कापताना दोन्ही बाजूंना सेकंदभर जास्तीचं ठेवा.

प्रश्न : भावाच्या लग्नाची कॅसेट लावली की रेकॉर्डर मधेच थांबतो आणि ‘कॉपी करायला परवानगी नाही’ असा मजकूर येतो. कॅसेट घरचीच आहे. तिच्यावर पांढरे ठिपकेही दिसतात.
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : ठिपके आधी. ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका; बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवर पसरते. खिडकीतून बघा : रिळाची कड एकसारखी काळी, गुळगुळीत दिसली पाहिजे. पांढरी पूड असेल तर टेप पुसून देणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

आता त्या मजकुराबद्दल. सिनेमाच्या विकत मिळणाऱ्या कॅसेटमध्ये नक्कल रोखणारा सिग्नल मुद्दाम घातलेला असायचा. तो आला की रेकॉर्डर थांबतो, ते बरोबरच आहे. घरच्या कॅसेटमध्ये तो नसतो, पण टेप जुनी झाली किंवा हेड मळलं की चित्राचा ताल डळमळतो आणि यंत्राची तशीच समजूत होते. यासाठी बुरशी नसलेली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं फिरवा, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या रेघेवर नीट बसवणं) स्वयंचलित न ठेवता हातानं लावा. हेड साफ करायचं तर शामॉय चामड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून चामडं हेड बसवलेल्या ड्रमवर स्थिर धरा आणि ड्रम हातानं हळू फिरवा. वर-खाली घासू नका, कानात घालायची कापसाची काडीही नको. धागा अडकून हेडचं टोक तुटतं. एवढ्यानं भागलं नाही तर दुसरा व्हीसीआर लावून बघा, शक्यतो टाइम बेस करेक्टर असलेला. त्यानं ताल सुधारतो.

चित्राच्या अगदी तळाशी एक पट्टी थरथरताना दिसेल. तो बिघाड नव्हे. हेडची अदलाबदल तिथं होते. जुन्या टीव्हीत ती कडेला झाकली जायची.

प्रश्न : काढलेली डिस्क माझ्या रेकॉर्डरवर चालते, पाहुण्यांच्या प्लेअरवर चालत नाही.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : बहुधा फायनलाइज करायचं राहिलंय. रेकॉर्डरच्या डिस्क मेन्यूत जाऊन करा, काही मिनिटं लागतात, त्या वेळात वीज जाऊ देऊ नका. डीव्हीडी-आर एकदा फायनलाइज झाली की तिच्यावर आणखी काही भरता येत नाही. डिस्क व्हीआर पद्धतीनं (रेकॉर्डरमध्येच कापाकापी करता यावी म्हणून असलेली मांडणी) भरली असेल तर फायनलाइज करूनही अनेक प्लेअर ती घेत नाहीत. देण्या-घेण्यासाठी व्हिडिओ मोडच, म्हणजे नेहमीच्या डीव्हीडीची मांडणी, ठेवा.

प्रश्न : रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली आणि दोन तासांचं काम गेलं. उन्हाळ्यात यंत्र आपोआप बंदही पडतं.
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : रेकॉर्डिंग थांबवताना यंत्र त्याची नोंद पूर्ण करतं. मधेच वीज गेली की ती नोंद अर्धी राहते आणि बऱ्याच यंत्रांत तेवढा भाग दिसेनासा होतो. वीज आल्यावर यंत्र दुरुस्तीचा संदेश दाखवतं. तो संपेपर्यंत प्लग काढू नका. संगणकासाठी मिळतो तो ६०० व्हीएचा यूपीएस लावा, रेकॉर्डर आणि व्हीसीआर दोन्ही पंधरा-वीस मिनिटं सहज चालतात. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर वीज बदलताना पडणाऱ्या खंडात यंत्र बंद पडतं. शिवाय तीन तासांचं रेकॉर्डिंग एका दमात न करता तासातासानं थांबवून घ्या.

उष्णतेचं म्हणाल तर अशा यंत्रांच्या पुस्तिकेत वापरासाठी साधारण ५ ते ४० अंशांची मर्यादा दिलेली असते, आणि सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४० च्या वर असतो. त्या दिवसांत काम पहाटे किंवा रात्री करा. व्हीसीआरवर रेकॉर्डर ठेवू नका, मागं वीतभर जागा मोकळी सोडा. उन्हाळ्याआधी प्लग काढून पंख्याची जाळी मऊ ब्रशनं साफ करा. आपल्याकडची धूळ तिथं थर करून बसते.

प्रश्न : रेकॉर्डर पूर्ण बंद पडला तर हार्ड डिस्क काढून संगणकाला जोडता येईल का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : जोडता येईल, पण आतलं काही सहज दिसणार नाही. कंपन्यांची साठवायची पद्धत स्वतःची असते. संगणक डिस्क फॉरमॅट करायची का विचारतो, तिथं ‘हो’ म्हटलंत तर उरलंसुरलंही जाईल. फायनलाइज केलेली डीव्हीडी मात्र संगणकात थेट उघडते : ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं अख्खं फोल्डर, त्यातली एकही फाइल न वगळता, उतरवून घ्या. डिस्कवर नाव लिहायला सीडी मार्कर वापरा, चिकटपट्टीचं लेबल लावू नका. उन्हाळ्यात त्याची कड सुटते आणि डिस्क फिरताना थरथरते.