थिनरचा डबा आणि डेंगीचा ताप

प्रश्न : माझं वय 31. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सात वर्षं स्प्रे पेंटिंग करतो. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, तरी आता तिला दुर्बिणीची तपासणी सांगितली आहे. माझी तपासणी पहिल्यांदाच सप्टेंबरात झाली. शुक्राणू मिलीलिटरला 90 लाख, हालचाल 20 टक्के. ऑगस्टमध्ये मला डेंगी झाला होता. नमुना घरून शिवाजीनगरच्या लॅबमध्ये नेला. आई म्हणते, रंगाच्या वासानंच हे झालं, नोकरी सोड. घराचे हप्ते चालू आहेत. काय करू?
– एक वाचक, मोशी

उत्तर : चार वर्षांत तुमच्या बायकोला किती वेळा सुया टोचल्या असतील! आणि तुमची तपासणी एकच, तीही डेंगीतून उठल्यावर महिन्याभरात. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं, म्हणून तुमची तपासणी पहिल्याच वर्षी व्हायला हवी होती.

शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, पुढचा प्रवास धरला तर जवळजवळ तीन महिने. अंडकोशांना बाकीच्या शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागतं, म्हणून तर ते बाहेर असतात. डेंगीच्या तापात तिथे जे बिघडलं, ते पुढचे दोन-तीन महिने रिपोर्टात दिसतं. शिवाय नमुना तासाभरात, अंगाच्या उबेत पोचावा लागतो. मोशीहून निघून नाशिक फाट्याला अडकलात, तर हालचालीचा आकडा खाली येणारच. तेव्हा डिसेंबरात 2 ते 7 दिवस संबंध न ठेवता, लॅबमध्येच नमुना द्या, आणि काही आठवड्यांनी पुन्हा एकदा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत मिलीलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू आणि 42 टक्के हालचाल हे खालच्या मर्यादेचे आकडे आहेत, पण ती पास-नापासची रेघ नव्हे. वर्षभरात ज्यांच्या घरी दिवस राहिले, अशा पुरुषांतही शंभरातले पाच त्याखाली होते.

आता रंगाचं. मी 26 वर्षं पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या कामगारांना तपासलं. आईंची शंका मी झटकून टाकणार नाही. 1977 साली कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यात कामगारांच्या आपापसातल्या बोलण्यातून लक्षात आलं, की इथे कुणालाच मूल होत नाहीये. तपासल्यावर कित्येकांचे शुक्राणू अगदी कमी किंवा शून्य निघाले. डीबीसीपी नावाचं ते रसायन. एक्सपोजर थांबल्यावर बरेच जण सावरले, काही कधीच सावरले नाहीत. डॉक्टरांच्या आधी कामगारांना कळलं होतं, हे मी विसरू शकत नाही.

तुमच्या कामात मला भीती आहे ती ग्लायकॉल इथर नावाच्या सॉल्व्हंटची, म्हणजे रंग विरघळवणाऱ्या द्रवांची. अमेरिकेतल्या जहाजगोदीत ही सॉल्व्हंट हाताळणाऱ्या रंगाऱ्यांत शुक्राणूंचं प्रमाण कमी आढळलं, हे 1988 मध्ये प्रसिद्ध झालं. प्रत्येक थिनरमध्ये ती असतात असं नाही. म्हणून डब्याचं लेबल वाचा, मालकाकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे डब्यात कोणती रसायनं आहेत ते सांगणारा कागद, मागा. त्यात 2-मेथॉक्सीइथेनॉल, 2-इथॉक्सीइथेनॉल किंवा त्यांचे अ‍ॅसिटेट दिसले, तर दुसरं थिनर मागा. नुसतं ‘सेलोसॉल्व्ह’ हे या सॉल्व्हंटचं बाजारातलं नाव लिहिलं असेल तर कोणतं ते विचारा. ब्यूटिल प्रकाराबाबत ही भीती तितकी नाही.

आणि एक प्रश्न, जो मी प्रत्येक पेंटरला विचारायचे : सुट्टी झाली की हात कशानं धुता? थिनरनंच ना? ही सॉल्व्हंट कातडीतून सरळ आत जातात, नाकातून जातात तितकीच सहज. हे आजपासून बंद करा. रंग उतरवायला खाद्यतेल आणि साबण पुरतो, वेळ लागतो इतकंच. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. कोळशाचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर हवा, आणि कार्ट्रिज वेळेवर बदलायला हवं. सॉल्व्हंट चालेल असे हातमोजे घाला, एक्झॉस्ट बंद असेल तर गन उचलू नका. कामाचे कपडे वर्कशॉपमध्येच ठेवा. घरी नेऊन बायकोनं बाकीच्या धुण्यात घालू नयेत, कारण दिवस राहिल्यावर तिलाही हे सॉल्व्हंट नकोच.

नोकरी लगेच सोडू नका. हे सगळं तीन महिने पाळून नवा रिपोर्ट बघू. मधल्या काळात यूरॉलॉजिस्टकडून अंडकोशाच्या शिरा फुगल्यात का, म्हणजे व्हेरिकोसील, ते तपासून घ्या. रंगाकडे बोट दाखवताना ते साधं कारण सुटून जातं. ईएसआयचं कार्ड असेल तर वापरा. तंबाखू सोडा, आणि जिममध्ये कुणी ताकदीचं म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देऊ केलं तर घेऊ नका, त्यानं शुक्राणू तयार होणंच थांबतं.

बायकोच्या डॉक्टरांना विचारा, दुर्बिणीची तपासणी तुमचा डिसेंबरचा रिपोर्ट येईपर्यंत थांबवता येईल का. त्या दिवशी तिच्याबरोबर तुम्ही स्वतः जा, आणि आईंनाही घेऊन जा.