मॅक अ‍ॅड्रेस नेमका कुठला द्यायचा?

प्रश्न: कॉलेज रोडला होस्टेलवर राहते. वायफायसाठी लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस मागितलाय, पण मला तर तीन-तीन दिसतायत!

दिसणारच, कारण मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवर्कवर ओळख पटवणारा नंबर, आणि तो लॅपटॉपचा नसतोच, आतल्या नेटवर्क कार्डाचा असतो, म्हणून वायफायचा वेगळा, केबलच्या पोर्टचा वेगळा, ब्लूटूथचा अजून वेगळा. विंडोज असेल तर स्टार्टमधे सीएमडी शोधून ती काळी विंडो उघड, त्यात गेटमॅक, मग स्पेस, मग स्लॅश आणि व्ही टाइप करून एंटर मार. ज्या ओळीत वाय-फाय लिहिलंय तिथला फिजिकल अ‍ॅड्रेस तुझा. दोन-दोनच्या ६ जोड्या असतात, ० ते ९ आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं, त्यामुळे 'ओ' वाटला तरी तो शून्यच. रजिस्टरमधे हाताने लिहिताना बी आणि ८ चा हमखास घोळ होतो, त्यापेक्षा कॉपी करून मेसेज कर ना.

प्रश्न: इंदिरानगरच्या ऑफिसात फोनचा मॅक अ‍ॅड्रेस दिला, तरी नेट लागत नाही.

फोन खोटा नंबर सांगत असणार. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट अ‍ॅड्रेस दाखवतो, कोणी माग काढू नये म्हणून. ओळखायची खूण सांगतो, दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर बहुतेक तो बनावटच. अँड्रॉइडवर ऑफिसच्या वायफायच्या प्रायव्हसी सेटिंगमधे जाऊन डिव्हाइस मॅक निवडा, आयफोनवर त्या वायफायचा प्रायव्हेट अ‍ॅड्रेस बंद करा, पण फक्त तिथंच हं, बाकी ठिकाणी आहे ते राहू द्या.

प्रश्न: सातपूरला आमचं वर्कशॉप आहे. कॉम्प्युटर बंद पडला, मदरबोर्ड बदलला, आता सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) सॉफ्टवेअर लायसन्स मागतंय.

लायसन्स मॅकला बांधलेलं असणार आणि बोर्डावरचा लॅन पोर्ट, म्हणजे नेटच्या केबलचा पोर्ट, बदलला की नंबरही गेला. जुना बोर्ड भंगारात दिला नाही ना? काही बोर्डांवर १२ अक्षरांचं स्टिकर असतं, नाहीतर राउटरच्या जोडलेल्या डिव्हाइसच्या यादीत जुना नंबर अजून असू शकतो, राउटर रिसेट करायच्या आधी बघा. तो नंबर घेऊन सॉफ्टवेअरवाल्यांकडून लायसन्स नव्या बोर्डावर करून घ्या, आणि पुढच्या वेळी आधी त्यांना फोन करा, मग बोर्ड बदला.

प्रश्न: नाशिकरोडला लॅपटॉप चोरीला गेला. मॅकवरून सापडेल का?

नाही हो. तो नंबर राउटरच्या पलीकडे इंटरनेटवर जातच नाही. बिलावरचा सिरियल नंबर पोलिसांना द्या आणि सगळे पासवर्ड आजच बदला.