घरी खिमा काढताना मशीनला कोणती जाळी लावावी?

तुमच्या मशीनबरोबर ३, ५ आणि ८ मिलिमीटर भोकांच्या तीन जाळ्या आल्यात आणि मटणाला कोणती लावायची असं तुम्ही विचारलंय. सुक्या खिम्याला ५ लावा. बाकी पदार्थांसाठी मी एवढंच बघतो, की शिजताना मांसाला स्वतःचा आकार धरायचा आहे, की त्याला धरायला दुसरं काही आहे?

बटाटा चॉपमध्ये बटाटा धरतो, पॅटिसमध्ये वरचा पापुद्रा. तिथे ५ची जाळी पुरते, दाणा दाताखाली लागतो. सीख कबाब मात्र सळईवर स्वतःच्या बळावर टिकायला हवा. म्हणून आधी ८मधून, मग ३मधून, नंतर मीठ घालून चांगलं मळायचं. मिठाने मांस चिकट होतं. त्याच कारणाने बर्गरच्या टिकीला ८ची जाळी लावायची आणि मीठ अगदी शेवटी, नाहीतर ती रबरासारखी लागते. क्रोकेटचं, म्हणजे मांसाच्या तळलेल्या रोलचं, मांस आधी शिजवतात, मग बारीक करतात. शिजलेलं मांस आपणहून चिकटत नाही, म्हणून त्यात पाव आणि अंडं येतं. चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, करायचा विचार असेल तर मशीन कपाटातच ठेवा. त्याचं डुकराचं मांस सुरीनेच कापायचं, चरबीचे तुकडे वेगळे दिसले पाहिजेत. मशीनमधून काढलेला चोरीस मला तरी चोरीस वाटत नाही.

जाळीपेक्षा जास्त घोटाळा उष्णतेने होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरात चरबी बघता बघता मऊ पडते, डुकराची तर बकऱ्याच्या आधी. मऊ चरबी कापली जात नाही, चोळली जाते, आणि जाळीतून दोऱ्यांऐवजी लगदा येतो. मांसाचे इंचभर तुकडे ताटात पसरून फ्रीझरमध्ये ठेवा. कडा कडक झाल्या आणि मध्ये बोट रुतलं की काढा. पातं आणि जाळीही त्यांच्याबरोबर गार करा. मध्येच लगदा यायला लागला तर जोर लावू नका, मशीन उघडा. बहुतेक वेळा पात्याला शीर गुंडाळलेली असते. पांढरे पापुद्रे आणि शिरा आधीच काढल्या तर ही वेळ येत नाही. हाडाचे कण मात्र बोटांनी चाचपूनच बघा, खाटकाच्या सत्तूरखालून ते हमखास येतात.

खाटकाकडे फरा (खांद्याचं मांस) मागा. रान (मागची मांडी) दिसायला छान, पण चरबी कमी, खिमा कोरडा होतो. पाचव्या हिश्शाइतकी चरबी असू द्या.

वरचे जंतू दळताना आतपर्यंत पोचतात, म्हणून खिमा त्याच दिवशी वापरा आणि मधोमध ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा.

मशीनमध्ये शेवटी थोडं मांस अडकून राहतं. कालच्या उंड्याचा (गोव्याच्या गोल पावाचा) तुकडा टाकून हँडल फिरवा, सगळं बाहेर येतं. क्रोकेट करणार असाल तर तो पावही त्यातच मिसळा.